टाकीला विरजण

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काल सुशीलाचा तेरावा झाला. आज दुपारपर्यंत पाहुणे पांगले. मनीषा सगळ्यात शेवटी गेली. पुण्याच्या गाडीत बसतानाही लेकीचं तेच, "पप्पा, गाय विका आणि चला माझ्याकडं. आई नाही, आता कुणासाठी राहायचं इथं?" बघू म्हणालो.

संध्याकाळी सु.च्या शेगडीवर चहा टाकला. घरात सिलिंडर आहे, पण सुशीला त्यावर फक्त पाहुण्यांचा चहा करायची. घरचा सगळा स्वयंपाक गोबरगॅसवर. ज्योत बारीक वाटली. उकळी येईपर्यंत उभं राहून पाय भरून आले. इतक्या माणसांचा राबता झाला, गॅस संपला असेल.

गोठा मात्र लखलखीत. सुतक फिटताना घर-गोठा धुवायची रीत. बाया नुसत्या पाण्यानं धुवत होत्या, मीच दुकानातून फिनेलच्या बाटल्या आणून दिल्या. म्हणालो, जरा शास्त्रशुद्ध होऊ द्या, मांडव गोठ्याला लागून आहे, जेवणात माश्या नकोत. हात राखू नका म्हणालो. अजून वास येतोय.

१ डिसेंबर

आज शेण कालवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

टाकीचा नकाशा माझा. अनुदानाचे कागद माझे. गोठ्याची नाली उतार देऊन थेट टाकीच्या शेण कालवायच्या हौदात सोडायची कल्पनाही माझीच, मूत आणि धुण्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून. कालवायचं काम तेवढं तिचं. रोज, आजारी असली तरी.

शाळेत होतो तेव्हा दर वर्षी दहावीची मुलं इथं आणायचो. हवेशिवाय विघटन, मिथेन, ज्वलन, उष्णता. टाकीच्या भिंतीवर खडूनं समीकरण. एकदा एका मुलीनं विचारलं, सर, रोज कालवतं कोण? मी म्हणालो, तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही. मुलं हसली. सु. तिथंच उभी होती, कोपरापर्यंत शेणाचे हात. तीही हसली होती, म्हणून आजवर कधी आठवण झाली नाही त्याची.

हात घालवेना. काठीनं ढवळलं. गुठळ्याच गुठळ्या. तिचा काला पिठल्यासारखा असायचा.

नगरच्या दवाखान्यात सकाळी डोळे उघडले की पहिलं हेच विचारायची. फुप्फुसात पाणी झालेलं, दोन शब्दांना धाप लागायची. तरी, "शेन कालवलं का?" मी म्हणायचो, हो. कोण कालवणार होतं? मी तिच्या उशाशी. डेअरीच्या माणसाला धार काढ, वैरण टाक एवढंच सांगून निघालेलो. टाकीचं कुणाला बोललोच नव्हतो. पण हो म्हटलं की डोळे मिटायची. थोड्या वेळानं उघडून परत माझ्याकडं बघत राहायची. मला वाटायचं, औषधाची गुंगी.

शेवटपर्यंत तिच्याशी खोटं बोललो. एवढ्याशा गोष्टीसाठी. घरी आलो तेव्हा शेगडी पेटत होती, ड्रममध्ये साठलेला गॅस असणार.

५ डिसेंबर

ड्रम खाली बसलाय. टाकीवरची ती लोखंडी टोपी सकाळी गॅसनं वर आलेली असायची. सु. बघून म्हणायची, "फुगली बाई." आज रुसल्यासारखी तळाला. शेगडीवर ज्योत आली, पिवळी, फडफडली, भप्पकन गेली.

थंडी आहे. तापमान उतरलं की अभिक्रियेचा वेग उतरतो. हे तर मी झोपेतही शिकवीन. टाकीभोवती कडबा रचला, वर पाचट. हौदात दोन घागरी कढत पाणी ओतलं. ते तापवायला सिलिंडर. गॅस व्हावा म्हणून गॅस जाळला. वर्गात कुणी असा ताळेबंद मांडला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

तांबूनं धार काढताना लाथ मारली. तिला माझा हात ओळखीचा नाही. कालवड तेवढी जवळ येते.

९ डिसेंबर

काही फरक नाही.

विचार केला, आतल्या जिवाणूंना उपासमार होत असेल. साखर दिली की जोर धरतील. गुळाची अर्धी ढेप पाण्यात विरघळवून हौदात सोडली. तांबू नालीकडं मान लांबवून बघत होती. सु. असती तर म्हणाली असती, "ल्येकराला गूळ देताना हात आखडतो आन् टाकीला ढेप?"

मनीषाचा फोन. टाकीचं सांगितलं. "पप्पा, सोडा ना तो नाद. आई गेली, आता सिलिंडर पुरतो तुम्हाला." बरोबरच आहे. एका माणसाला सिलिंडर किती पुरेल.

१३ डिसेंबर

टाकीजवळ आंबूस वास. ताक आठ दिवस राहिल्यासारखा.

कपाटात शाळेचे जुने लिटमस कागद होते. निळा बुडवला, लालभडक झाला. आम्ल. गुळानं आम्ल करणारे जिवाणू माजले, आणि मिथेन करणारे बिचारे सावकाश चालणारे, आम्लानं मरणारे. पुस्तकात आहे हे. मी शिकवलेलं आहे. ढेप टाकताना कुठं गेलतं?

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिला कधी लिटमस लागला नाही. सकाळी हौदाशी बसली की नाकानं ओळखायची. एकदा म्हणालेली, "आज आंबट हाय, पानी कमी घालती." मी पेपर वाचत होतो. शेणाला आंबट-गोड काय असतं, असं म्हणालो असणार. काय म्हणालो ते आठवतही नाही, पण बाजूला बसून विचारलं नव्हतं एवढं नक्की.

१६ डिसेंबर

आम्ल मारायला चुना. आष्टीहून कळीचा चुना आणला, पत्र्याच्या पिंपात विरवला. पाणी पडताच चरचरला, फसफसला, वाफा. पिंपाला हात लावला तर चटका. काडी नाही, जाळ नाही, नुसतं पाणी आणि दगड, तरी एवढी उष्णता. मुलांना हा प्रयोग फार आवडायचा.

सकाळचा गारठा होता. पिंपाजवळ हात शेकत बसलो. दिवाळीआधी घर रंगवायला ती चुना विरवायची तेव्हा मला हाक मारायची, "या, ऊन हाय, बसा." मी जायचो नाही. डोळ्यात उडेल म्हणायचो. बसलो असतो तर काय बिघडलं असतं.

निवळी हौदात सोडली. लिटमस आता निळाच राहतोय. म्हणजे जमेल.

२१ डिसेंबर, शनिवार

नाही जमलं. आठवडा होत आला, ड्रम तसूभर हलला नाही. शेगडी पूर्ण बंद. कॉक उघडला की काहीच नाही, सुस्कारासुद्धा नाही. ही शेगडी पेटल्यापासून घरात असा दिवस आठवत नाही. लग्नकार्यात, दुष्काळात, तांबूच्या आईला ताप आलेला तेव्हाही बारीक का होईना चालू असायची.

सिलिंडरवर भात लावला, करपला.

मनीषानं पाथर्डीचं गिऱ्हाईक बघितलंय गाईला. बरं गिऱ्हाईक आहे, पोटच्या पोरीसारखं सांभाळतील म्हणाली. "संक्रांतीनंतर येतील बघायला. चालेल ना पप्पा?" टाकीच चालत नाही तर गाय कशाला ठेवायची. शेण कुठं घालू. चालेल म्हणालो. फोन ठेवल्यावर गोठ्यात गेलो, पण तांबूच्या डोळ्याला डोळा देववेना.

२२ डिसेंबर

फिनेल.

गोठ्यामागं बाटल्या सापडल्या. कडबा काढायला गेलो होतो. रिकाम्या, एकाला एक टेकवून ठेवलेल्या. कुणीतरी भंगारासाठी जपून ठेवल्यात.

बघत उभा राहिलो. मग नालीकडं बघितलं. नाली हौदाकडं. मी काढलेली. उतार मी धरून बसलेलो गवंड्याजवळ.

जंतुनाशक. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. जंतू मारतं. टाकी म्हणजे दुसरं आहे काय, जंतूंचाच तर संसार.

थंडीनं नाही, आंबटपणानं नाही. मीच मारली. तिचा तेरावा घालताना तिची टाकी मारली, आणि वर बायांना म्हणालो हात राखू नका. रीत नुसत्या पाण्यानं धुवायची होती. बाया बरोबर करत होत्या. मला शास्त्र सुचलं.

दुपारी जेवलो नाही.

२७ डिसेंबर

उपाय आहे. फिनेलचा काला उपसून टाकायचा, ताजं शेण भरायचं, आणि चालू टाकीतली मळी, म्हणजे गॅस निघून उरलेला काला, आणून मिसळायची. दुधाला विरजण लावतात तसंच. सु. विरजणच म्हणायची. नवी टाकी बांधली की बाया तिच्याकडं बादली घेऊन यायच्या, "विरजन द्या वो."

पण चालू टाकी कुठंय? आज गावभर फिरलो. सिलिंडर आल्यापासून सगळ्यांनी सोडून दिल्या. एकाच्या टाकीत भंगार, एकीवर भोपळ्याचा वेल चढलाय. एका म्हातारीनं विचारलं, "मास्तर, आत्ता कावून पायजे तुमाला?" काय सांगणार.

एकच चालू आहे. भिंतीपलीकडं. माझ्या धाकट्या भावाची, भास्करची. चालवते त्याची बायको कौसल्या. तिची टाकी सु.नंच लावून दिली होती, इथल्या मळीच्या बादल्या डोक्यावर नेऊन. तेव्हा भिंत नव्हती.

३१ डिसेंबर

भिंतीचं लिहून टाकतो. मनात घोळत राहिलं की झोप लागत नाही.

भास्करच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. त्याच दिवशी मला मजूर मिळाले, म्हणून मळीचा खड्डा उपसायला काढला. सु. म्हणाली होती, "आज नका उपसू, पाव्हणे यायलेत तिकडं." मी म्हणालो, मजूर उद्या मिळत नाहीत. तळाची मळी ढवळली, वास सुटला. भास्कर आला, नवा सदरा घातलेला, हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, वास यायलाय. दोन घंटे थांबव." रागानं नाही, विनवून. मी मजुरांच्या देखत म्हणालो, "मिथेनला वास नसतो. तो हायड्रोजन सल्फाइड. अपाय नाही."

सोयरीक जमली नाही. वासामुळं की कशामुळं, देव जाणे. पुढं पोरगी चांगल्या घरी पडली, तिचं लेकरू आता शाळेत जातं. पण भास्करनं भिंत घातली आणि बोलणं टाकलं. मीही टाकलं. मी मोठा ना.

सु. गेली तेव्हा दोघं आले होते. भास्करनं खांदा दिला. माझ्याशी बोलला नाही. कौसल्या पाणी न पिता गेली, कुणी विचारलंच नाही तिला. मी तरी विचारायला हवं होतं.

४ जानेवारी

दोनदा बादली घेऊन भिंतीच्या टोकापर्यंत गेलो. दोनदा परत.

मिथेन आणि हवा एकत्र कोंडून ठेवली तरी आपण होऊन पेटत नाही. सुरुवातीला थोडी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, एका काडीची. पुढं मग आपली आपण जळते. एवढी काडी माझ्याकडं नाही असं कसं? इतकी वर्षं सु. दोन्हीकडची काडी होती. सणाला भिंतीवरून ताट द्यायची, तिकडून रिकामं ताट कधी यायचं नाही. मला ती पुरणपोळी कौसल्याची हे खाताना कळायचं. खायचो. बोलायचो नाही काही.

१४ जानेवारी, संक्रांत

आमच्याकडं वर्षभर सण नाही. दारात कुणी तिळगूळ घेऊन आलं नाही, येत नसतात. भिंतीपलीकडं बायांचा आवाज, वाण लुटत होत्या. कौसल्या मोठ्यानं हसली, मग एकदम थांबली. इकडं ऐकू जाईल म्हणून थांबली असेल.

पाथर्डीवाले रविवारी येतो म्हणालेत.

१५ जानेवारी, बुधवार. कर

करीच्या दिवशी चांगलं काम करू नये म्हणतात. म्हणूनच आज गेलो. नाही जमलं तर दोष दिवसाला देता येईल.

कौसल्या हौदाशीच होती. मला बघून पदर ओढला, शेणाच्या हातानंच. कपाळाला शेण लागलं.

"भाऊजी? या की. बसा." पाट आणायला उठली. मी उभाच. म्हणालो, टाकी बंद पडली. विरजण पाहिजे होतं.

ती बघत राहिली. मला वाटलं आता बोल लावील. म्हणाली, "मंग घ्या की. आक्काचंच हाय ते." आणि मग, "पर बंद कशी पडली वो? मी कालवत होते तवर तर चांगली फुगत होती."

म्हटलं, तू कधी कालवत होतीस?

"तुमी दवाखान्यात होतात तवा. रोज. आक्काचा फोन आलता, जातानीच. मागल्या दारानं येत होते, ह्यांना न सांगता. तांबूची धार काढून तो डेअरीवाला गेला की."

म्हणजे शेगडी पेटत होती ती साठलेल्या गॅसवर नाही. म्हणजे मी दवाखान्यात हो म्हणालो, ते खोटं नव्हतं. एक क्षण बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. सुटलो, असं.

म्हणालो, बरं झालं बाई, सुशीला रोज विचारायची, मी आपलं हो म्हणायचो.

"ठावं हाय मला." ती हौदात बघत म्हणाली. "तुमी औषधं आनायला खाली गेलात की आक्का फोन लावायच्या. मी सांगायचे, कालवलं म्हनून. त्या म्हनायच्या, मी ह्यांना इचारती रोज. ज्या दिवशी खरं बोलतील, न्हाई कालवलं म्हनतील, त्या दिवशी तुझं नाव सांगती. मंग बगते कसे बोलत न्हाईत दोगं भाऊ."

मग, म्हणालो. मूर्खासारखं. मग काय झालं?

"मंग काय. तुमी हो म्हनत गेलात."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. वर म्हणाली, "आक्का हसायच्या. मास्तर हाय, म्हनायच्या, येत न्हाई असं तोंडातनं निघत न्हाई. उंद्या इचारती परत."

मी निघालो. बादली तिथंच राहिली.

१६ जानेवारी

रोज विचारायची. रोज थोडा वेळ थांबून परत बघायची. ती गुंगी नव्हती. वाट बघत होती.

मी नाही म्हणालो असतो एकदा, नाही गं, कुणी कालवत नसेल, राहून गेलं. एवढंच वाक्य. ती कौसल्याचं नाव घेणार होती. मी तिथून भास्करला फोन लावला असता. लावलाच असता, तिच्यासमोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. भास्कर दुसऱ्या गाडीनं नगरला आला असता. तिनं दोघांना एका खाटेपाशी बघितलं असतं.

तिला त्रास नको म्हणून हो म्हणालो, असं मी आजवर मानत होतो. खरं ते नाही. राहून गेलं असं सांगायची मला सवयच नव्हती.

सकाळी भिंतीच्या टोकाला बादली होती. भरलेली. वर गोणपाट झाकलेलं, गारठा लागू नये म्हणून. आत हात घातला. कोमट होती मळी.

१९ जानेवारी, रविवार

पाथर्डीवाल्यांना फोन करून नको म्हणालो. मनीषा चिडली. "पप्पा, अहो एक टाकी. टाकीसाठी?" हो म्हणालो. मग थांबलो, आणि सगळं सांगितलं. फिनेल, दवाखाना, कौसल्या. मग रडत म्हणाली, "आईनं मला पण नाही सांगितलं."

मडपंप आणून टाकी उपसली. आत उतरायचं नाही, आत हवा वाईट असते, वरूनच. फिनेलचा काला लांब पडिकात सोडला. नालीच्या तोंडाला दगड-सिमेंट लावून ती बाहेर वळवली.

मग शेण. या वेळी काठी घेतली नाही. बाह्या सारल्या आणि हात घातले. गुठळी बोटांना कळते, डोळ्यांना कळत नाही. कौसल्या भिंतीच्या टोकाशी बादल्या आणून देत होती, मी ओतत होतो. भास्कर त्याच्या ओट्यावर बसलेला, टोकापाशी गेलो की दिसायचा. सगळं बघत होता. मध्येच उठून आत गेला, कौसल्याला दुसरी बादली आणून दिली, परत बसला.

३० जानेवारी

काही नाही. ड्रम तळाला. वाट बघायची, पुस्तकही तेच सांगतं.

रोज कालवतो. नखांत वास बसलाय, साबणानं जात नाही. चहाचा कप तोंडाजवळ नेला की येतो. तिच्याही हातांना असायचा. कधीतरी मी म्हणालो होतो, हात धुवून वाढ गं नीट. धुतलेलेच होते ते.

दहावीच्या पेपरात एक प्रश्न हमखास टाकायचो. निम्मी मुलं चुकायची. लिहायची, बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते. उलटं आहे. तोडायला ऊर्जा खर्ची पडते, बाहेर पडते ती बंध जुळताना. लाल शाईनं किती वह्यांवर फुली मारली असेल. भास्करला मजुरांसमोर मिथेनचं ऐकवून तोडलं तेव्हा मात्र मला वाटलं होतं, आता कसं मोकळं वाटतंय.

६ फेब्रुवारी

ऊन वाढलंय. सकाळी हौदाशी कौसल्या आली, मागल्या दारानं नाही, पुढून. नाक खाली नेऊन वास घेतला. "आंबट न्हाई," म्हणाली. मीही वास घेतला. मला अजून काही कळत नाही. शिकव म्हणालो. हसली. "मास्तरला मी काय शिकिवनार? नाक लावा रोज, कळंल."

आत बोलावून चहा दिला. सिलिंडरवरचा. दोन घोट घेतले तिनं. सुशीला गेल्यापासून या घरात तिनं पहिल्यांदा काही तोंडात घेतलं. जाताना शेगडीकडं बघून गेली.

भास्करला बोलाव म्हणालो असतो. म्हणालो नाही. उद्या म्हणू.

११ फेब्रुवारी

ड्रम वर आलाय! बोटभर. आधी वाटलं डोळ्यांचा भास, खडूनं खूण केली. दुपारी खूण वर सरकलेली.

मनीषाचा फोन आला तेव्हा हात हौदातच होते. दोन बोटांनी कसाबसा उचलला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "शेण कालवलं का?" तोच सूर. तिच्याही नकळत असेल.

हो म्हणालो. मग घाईनं सांगितलं, आज अर्धं राहिलंय, हात दुखतोय, संध्याकाळी करीन. ती म्हणाली, बरं. फोन शेणानं भरला.

१६ फेब्रुवारी, रविवार

ड्रम चांगला वीतभर वर. सकाळी शेगडी पुसली. कॉक उघडला, फुस्स आवाज आला, किती दिवसांनी. काडी लावली. विझली. दुसरी लावली, तीही विझली. गॅस येतोय, पण काडीच विझवतोय. पहिला गॅस असाच असतो, सगळा कार्बन डायऑक्साइड. सोडून द्यायचा, मागून जळणारा येतो. येईल बहुतेक. या वेळी नक्की सांगत नाही.

बाहेर आलो, ड्रमचा कॉक पूर्ण उघडून हवेत सोडून दिला. टाकीपाशीच उभा होतो. वारं भिंतीपलीकडं जात होतं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "आण्णा."

भास्कर. दिसत नव्हता, भिंत उंच आहे.

"आण्णा, वास यायलाय."

तेच शब्द. तक्रार करतोय का टाकी जागी झाली म्हणून सांगतोय, आवाजावरून काही कळेना. हायड्रोजन सल्फाइड, डोक्यात आलं, सवयीनं. गिळून टाकलं.

म्हणालो, "हो रे. यायलाय."

तिकडून परतीची पावलं वाजली नाहीत, म्हणजे गेला नाही. मी कॉक तसाच उघडा ठेवून उभा राहिलो.